प्रोग्रामिंगचे पहिले पुस्तक कसे निवडावे

संगणकाकडून एखादे काम करून घेण्यासाठी त्याला ज्या सूचना क्रमाने द्याव्या लागतात त्यांच्या संचाला प्रोग्राम किंवा आज्ञावली म्हणतात, आणि या सूचना ज्या काटेकोर नियमांनी लिहाव्या लागतात त्या नियमव्यवस्थेला प्रोग्रामिंगची भाषा म्हणतात; सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, आर या अशा भाषा आहेत. माणसाशी बोलताना वाक्य थोडे चुकले तरी ऐकणारा अर्थ सावरून घेतो, संगणक तसे करत नाही, म्हणून लिहिलेल्या ओळीचा संगणक नेमका काय अर्थ लावील हे ती चालवण्याआधी सांगता येणे हेच या विद्येचे मर्म आहे. पुस्तक निवडण्याची कसोटीही यातच दडलेली आहे. जे पुस्तक वाचकाला उत्तर आधी मनाशी मांडायला लावते, मग प्रोग्राम चालवून पाहायला लावते आणि दोन्हींत फरक पडला तर त्याचे कारण शोधायला लावते ते शिकवणारे पुस्तक. बाकीची पुस्तके कितीही सुबक असली तरी ती वाचून होतात आणि प्रोग्राम मात्र लिहिता येत नाही.

हा प्रश्न तुळजापूरसारख्या गावाच्या संदर्भात पाहिला तर अधिक नेमका होतो. बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेले हे गाव महाराष्ट्राला तुळजाभवानीच्या मंदिरामुळे परिचित आहे, परंतु याच मंदिर संस्थानाने येथे अभियांत्रिकी महाविद्यालयही उभे केले, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण विकासाशी जोडलेले संकुलही गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून येथेच आहे. ज्या धाराशिव जिल्ह्यात हे गाव येते त्याचा समावेश केंद्र शासनाने २०१८ मध्ये आखलेल्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या कार्यक्रमात महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीम यांच्याबरोबर केला गेला. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्याला पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात उभे राहून दहा पुस्तके चाळून अकरावे उचलण्याची सोय नसते. महाविद्यालयाचे ग्रंथालय, सत्रापुरता पुस्तकांचा संच देणारी बुक बँक, वरच्या वर्गातल्या मुलांकडून निम्म्या किमतीत मिळणारी जुनी प्रत, पंचेचाळीस किलोमीटरवरच्या सोलापुरातली दुकाने आणि मोबाइलवरून मागवलेले, न चाळता विकत घ्यावे लागणारे पुस्तक, एवढ्याच त्याच्या वाटा असतात. निवड करण्याची संधी कमी, म्हणून निवडीचे भान अधिक असावे लागते. चुकीचे पुस्तक हाती पडले तर पैसे जातातच, पण त्याहून मोठे नुकसान असे की दोन प्रकरणांनंतर वाचक पुस्तकाला नव्हे, स्वतःला दोष देऊ लागतो.

निवडीची सुरुवात पुस्तकापासून होत नाही, ती कामापासून होते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्याला सी शिकायची असते, कारण ती अभ्यासक्रमात असते आणि स्मृती, म्हणजे संगणकात माहिती तात्पुरती साठवण्याची जागा, कशी वापरली जाते हे ती भाषा उघडे करून दाखवते. समाजविज्ञानाच्या विद्यार्थ्याने गावोगावी केलेल्या पाहणीच्या प्रश्नावल्या तपासायच्या असतील तर त्याला सी शिकवणारे उत्तमातले उत्तम पुस्तकही निरुपयोगी आहे; त्याला सांख्यिकीसाठी घडवलेली आर किंवा पायथन हवी, आणि पहिल्याच प्रकरणापासून तक्ते, सरासरी व आलेख यांच्यावर काम करायला लावणारे पुस्तक हवे. हॅडली विकहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ‘आर फॉर डेटा सायन्स’ हे पुस्तक, ज्याची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली आणि जे इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते, याच कामासाठी लिहिलेले आहे. राज्य मंडळाच्या बारावीत संगणकशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट आणखी वेगळी, कारण त्याने सी प्लस प्लसमधले लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करवणारी रचना, आधीच पाहिलेले असते, त्यामुळे अगदी श्रीगणेशापासून सुरू होणारे सहाशे पानी पुस्तक त्याला कंटाळवाणे होते. एमएस-सीआयटी हा २००१ मध्ये सुरू झालेला अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या व्यक्तीला संगणक वापरता येतो, प्रोग्राम लिहिता येतोच असे नाही, म्हणून तिच्यासाठी खरोखरच पहिल्या पायरीचे पुस्तक हवे. तेव्हा ‘सीचे सर्वांत चांगले पुस्तक कोणते’ या प्रश्नाला उत्तर नाही. कोणासाठी आणि कशासाठी हे सांगितल्यावरच त्याला उत्तर मिळू शकते.

विद्यार्थ्याच्या हाती सर्वांत आधी येते ते अभ्यासक्रमानुसार लिहिलेले पुस्तक. पुण्यातील प्रकाशन संस्था विद्यापीठाच्या आणि तंत्रशिक्षण मंडळाच्या प्रत्येक विषयासाठी अशी पुस्तके काढतात. त्यांत प्रकरणांचा क्रम अभ्यासक्रमाचाच असतो, मागील वर्षांचे प्रश्न गुणांसह दिलेले असतात आणि उत्तरे परीक्षेत लिहिता येतील अशा मुद्द्यांच्या स्वरूपात असतात. या पुस्तकांना कमी लेखण्याचे कारण नाही, कारण परीक्षा हे विद्यार्थ्याच्या आयुष्यातले वास्तव आहे आणि त्या गरजेला ती प्रामाणिकपणे उतरतात. मात्र ती उजळणीसाठी असतात. त्यांतला प्रोग्राम पूर्ण आणि निर्दोष छापलेला असतो, त्याखाली अपेक्षित निकाल छापलेला असतो, आणि या दोहोंच्या मध्ये विद्यार्थ्याने करायचे असे काहीच उरलेले नसते. वाचून समजल्यासारखे वाटते, पाठही होते, पण प्रयोगशाळेत कोऱ्या पडद्यासमोर बसल्यावर पहिली ओळ सुचत नाही. म्हणून असे पुस्तक परीक्षेच्या महिन्यासाठी ठेवावे आणि सत्राच्या सुरुवातीला दुसरे एखादे शिकवणारे पुस्तक घ्यावे, हा खर्च अनावश्यक वाटला तरी तो टाळू नये.

शिकवणाऱ्या पुस्तकांचा विचार करताना सर्वांत आधी ज्याचे नाव सांगितले जाते ते पुस्तक ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचे ‘द सी प्रोग्रामिंग लँग्वेज’. रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी घडवली, १९७८ मध्ये या पुस्तकाची पहिली आवृत्ती आली आणि १९८८ मध्ये दुसरी. नव्या भाषेतला पहिला प्रोग्राम म्हणून पडद्यावर ‘हॅलो वर्ल्ड’ छापण्याची जगभर रुळलेली प्रथा याच पुस्तकामुळे पसरली. तीनशेपेक्षा कमी पानांत एक संपूर्ण भाषा इतक्या नेमकेपणाने मांडणारी पुस्तके फार थोडी आहेत, आणि तरीही तुळजापुरातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती पहिले पुस्तक म्हणून ते देणे योग्य नाही. वाचकाला चल, लूप आणि फंक्शन या कल्पनांची तोंडओळख आहे असे ते पुस्तक गृहीत धरते, आणि ही गोष्ट लेखकांनी प्रस्तावनेत लपवलेली नाही. चल म्हणजे मूल्य साठवण्यासाठी नाव दिलेली जागा आणि फंक्शन म्हणजे एक ठरावीक काम करणारा, नावाने बोलावता येणारा प्रोग्रामचा तुकडा. या दोन गोष्टी ज्याच्या अंगवळणी पडल्या आहेत त्याच्यासाठी हे पुस्तक दुसरे किंवा तिसरे म्हणून अमोल ठरते, आणि तेव्हा ते विकत घेऊन जवळ ठेवावे इतक्या योग्यतेचे आहे. थोर पुस्तक आणि पहिले पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिक्षकांच्या शिफारशीत त्यांची अनेकदा गल्लत होते.

पहिले पुस्तक कसे असावे याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे दिल्लीच्या बीपीबी पब्लिकेशन्सने काढलेले ‘लेट अस सी’ हे पुस्तक गेली काही दशके भारतभरातल्या अभियांत्रिकी आणि संगणक उपयोजनाच्या विद्यार्थ्यांनी वाचलेले आहे. त्याच्या पंधराहून अधिक आवृत्त्या निघाल्या आणि त्याच मालिकेत सी प्लस प्लस, जावा व पायथन यांच्यावरची पुस्तकेही आली. या यशाचे श्रेय बरेच जण सोप्या इंग्रजीला देतात, आणि ते काही अंशी खरे आहे, कारण छोटी वाक्ये व वर्गात समोर उभे राहून बोलल्यासारखी शैली यांमुळे प्रादेशिक माध्यमातून आलेला विद्यार्थी बिचकत नाही. परंतु त्याची खरी ताकद रचनेत आहे. पुस्तकातला पहिला प्रोग्राम सरळव्याजाचा आहे: मुद्दल, मुदत आणि दर हे तीन चल, त्यांचा गुणाकार, शंभराने भागाकार आणि उत्तर. सूत्र शाळेतच पाठ झालेले असल्यामुळे विद्यार्थ्याला गणिताशी झगडावे लागत नाही, त्याचे सगळे लक्ष ते सूत्र संगणकाला कसे सांगायचे याकडे जाते, आणि हाताने काढलेल्या उत्तराशी संगणकाचे उत्तर ताडून पाहता येते. पुढे प्रकरणांच्या शेवटी छोटे प्रोग्राम देऊन त्यांचा निकाल काय येईल हे विचारले जाते, चुकीचे प्रोग्राम देऊन चूक दाखवायला सांगितले जाते, आणि मग नवे प्रोग्राम लिहायला दिले जातात. अंदाज बांधणे, चूक ओळखणे आणि स्वतः लिहिणे हा क्रम अध्यापनाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. कोणत्याही भाषेचे पुस्तक हाती आले की प्रकरणाचा शेवट उघडून या तिन्ही प्रकारचे प्रश्न तेथे आहेत का, हे सर्वांत आधी पाहावे.

याच पुस्तकाच्या जुन्या प्रतींवरून दुसरा धडाही मिळतो, आणि तो पुस्तकाच्या वयाचा आहे. प्रोग्रामिंगचे पुस्तक नेहमी एखादा विशिष्ट कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळणाऱ्या सूचनांत बदलणारे साधन, समोर ठेवून लिहिलेले असते. भारतातल्या महाविद्यालयांत दीर्घकाळ बोरलँड कंपनीचा टर्बो सी वापरला गेला, ज्याचा जन्म १९८७ मधला, आणि त्या काळातल्या बहुतेक पुस्तकांतले प्रोग्राम त्यावरच तपासलेले होते. टर्बो सीमध्ये पूर्णांकाला स्मृतीत १६ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा सोळा अंकांची, जागा मिळत असल्याने त्यात जास्तीत जास्त ३२७६७ एवढीच संख्या मावते. आजच्या जीसीसी या विनामूल्य कंपायलरवर बहुतेक संगणकांत ती जागा ३२ बिटांची असते आणि मर्यादा २१४७४८३६४७ पर्यंत जाते. याचा परिणाम एका साध्या उदाहरणात दिसतो. एकपासून आठपर्यंतच्या संख्यांचा गुणाकार, म्हणजे आठाचे क्रमगुणित, ४०३२० येते. टर्बो सीमध्ये पूर्णांकाच्या चलात ते मावत नाही आणि पडद्यावर -२५२१६ अशी ऋण संख्या उमटते. जुन्या पुस्तकात हे लिहिलेले असते, विद्यार्थी नव्या संगणकावर तोच प्रोग्राम चालवतो, उत्तर बरोबर ४०३२० येते, आणि पुस्तक चुकले की आपण चुकलो हे त्याला कळत नाही. आणखी पुढे गेल्यास तेराचे क्रमगुणित नव्या कंपायलरवरही मावत नाही, पण तेथे ऋण चिन्हाची खूणही मिळत नाही. बहुधा १९३२०५३५०४ अशी, दिसायला निर्दोष वाटणारी चुकीची संख्या येते. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नसल्याने तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. यंत्राची जागा, भाषेचा नियम आणि कंपायलरची निवड या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून सांगणारे पुस्तक जुने झाले तरी कामाचे राहते, कारण वाचक आपल्या यंत्राचा हिशेब स्वतः मांडू शकतो. त्यांची सरमिसळ करणारे पुस्तक मात्र कंपायलर बदलला की निकामी होते.

या दृष्टीने पाहण्यासारखी आणखी एक खूण आहे, आणि ती परीक्षेच्या प्रश्नांतूनही वारंवार भेटते. सीमध्ये एखाद्या चलाचे मूल्य एकाने वाढवण्यासाठी त्याच्या नावानंतर किंवा नावाआधी दोन अधिकची चिन्हे देतात. नावानंतर दिली तर आधी जुने मूल्य वापरले जाते, नावाआधी दिली तर आधी वाढ होते. एकाच विधानात तोच चल अशा रीतीने दोनदा वाढवला, आणि त्या दोन वाढींचा आपापसातला क्रम भाषेच्या नियमांनी बांधून दिलेला नसला, तर उत्तर काय येईल हे सी भाषेच्या प्रमाणकाने, म्हणजे तिच्या अधिकृत नियमसंहितेने, ठरवूनच दिलेले नाही. एक कंपायलर एक उत्तर देईल, दुसरा दुसरे देईल, आणि दोघांनाही चूक म्हणता येणार नाही. जे पुस्तक अशा विधानाचे एकच उत्तर ठामपणे छापते त्याच्या लेखकाने आपल्या संगणकावर जे दिसले तेवढेच लिहिले, भाषेचा नियम पाहिला नाही, हे निश्चित समजावे. दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी ही परीक्षा आहे आणि ती जवळजवळ कधीच फसवत नाही. तशीच एक सोपी खूण म्हणजे मुख्य फंक्शनची पहिली ओळ: प्रमाण सीमध्ये ‘मेन’ हे फंक्शन पूर्णांक परत देते, म्हणून त्याच्या आधी ‘इंट’ लिहितात, सर्व प्रोग्राम ‘व्हॉइड मेन’ने सुरू होत असतील तर ते पुस्तक टर्बो सीच्या जगातले आहे. सी प्लस प्लसच्या पुस्तकात ‘आयओस्ट्रीम’ या फाइलच्या नावाला शेवटी टिंब आणि ‘एच’ जोडलेले दिसले तर ते १९९८ च्या प्रमाणकाआधीच्या पद्धतीचे आहे आणि त्यातले प्रोग्राम आजच्या कंपायलरवर चालणारच नाहीत. पायथनच्या बाबतीत तर एकाच ओळीत निकाल लागतो: ‘प्रिंट’ या शब्दानंतर कंस नसेल तर पुस्तक पायथनच्या दुसऱ्या पिढीचे आहे, जिचा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबला, त्या पिढीत सात भागिले दोन याचे उत्तर तीन येई, २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत ते साडेतीन येते.

जुनी प्रत घेताना आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक पाहणे आवश्यक आहे. मुखपृष्ठाच्या आतल्या पानाच्या मागच्या बाजूला प्रकाशनाचा तपशील छापलेला असतो; तेथे पुनर्मुद्रणाचे वर्ष २०२२ असले तरी आवृत्ती वीस वर्षांपूर्वीची असू शकते, आणि पुनर्मुद्रणात मजकूर बदलत नाही. विक्रेता नवे पुस्तक म्हणून दाखवतो ते छपाईने नवे असते. भारतीय पुनर्मुद्रणे स्वस्त असल्यामुळे परदेशी लेखकांची पुस्तकेही विद्यार्थ्याच्या आवाक्यात येतात, ही मोठी सोय आहे. मात्र घेण्यापूर्वी मूळ आवृत्तीचा क्रमांक जुळतो का हे पाहून घ्यावे. वीस वर्षांपूर्वीचे सीचे चांगले पुस्तक आजही बरेचसे चालते, कारण ती भाषा सावकाश बदलते; वीस वर्षांपूर्वीचे वेबच्या भाषांचे पुस्तक मात्र रद्दीत देण्याच्याच योग्यतेचे असते.

छपाईकडेही बारकाईने पाहावे. प्रोग्राम ज्या अक्षरांत छापला आहे त्यातले प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचे असेल तर ओळींची डावीकडची समासजागा नीट दिसते. पायथनमध्ये ही जागाच व्याकरणाचा भाग असते, कोणत्या ओळी लूपच्या आत आहेत हे तिच्यावरून ठरते, आणि ती पान बदलताना सरकली की प्रोग्रामचा अर्थच बदलतो. साध्या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुस्तक जुळवताना सरळ अवतरणचिन्हांची वळणदार अवतरणचिन्हे आपोआप होतात आणि कंपायलरला ती मान्य नसतात. अशी वळणदार चिन्हे प्रोग्रामच्या आत छापलेली दिसली तर छापलेला मजकूर कोणीही पुन्हा चालवून पाहिलेला नाही एवढे त्यावरून कळते, आणि मग बाकीच्या प्रोग्रामांवर विश्वास ठेवायला आधार राहत नाही.

नवशिक्याला सर्वांत जास्त एकटे पाडतात त्या चुका, आणि बहुतेक पुस्तके याच ठिकाणी त्याची साथ सोडतात. सीमध्ये विधानाच्या शेवटी अर्धविराम राहिला तर कंपायलर तक्रार करतो ती अनेकदा पुढच्या ओळीची, त्यामुळे विद्यार्थी निर्दोष ओळीकडे टक लावून बसतो. अटीमध्ये तुलनेची दोन बरोबरची चिन्हे द्यायची तेथे एकच दिले तर कंपायलर प्रोग्राम स्वीकारतो, चलात नवे मूल्य भरले जाते, आणि ते मूल्य शून्य नसेल तर अट कायम खरी ठरते. जीसीसीला सर्व इशारे दाखवायला सांगितले तरच तो सावध करतो. पायथनमध्ये हीच चूक केली तर प्रोग्राम सुरूच होत नाही. अशा चुका मुद्दाम करून दाखवणारे, त्यावर येणारा इंग्रजी संदेश जसाच्या तसा छापून तो कसा वाचावा हे सांगणारे पुस्तक मिळाले तर इतर उणिवांकडे दुर्लक्ष करून ते घ्यावे. ज्या गावात संध्याकाळी सहानंतर विचारायला शिक्षक भेटत नाही आणि घरात या विषयातले दुसरे कोणी नाही, तेथे पुस्तकाने शिक्षकाची ही जबाबदारी उचललीच पाहिजे. तुळजापूरच्या वाचकासाठी ही कसोटी पुण्याच्या वाचकापेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

अर्थात सरावाचे प्रश्न पुस्तकात असणे आणि ते सोडवले जाणे यांत अंतर आहे. तुळजापुरात गोंधळ्यांच्या घरातला मुलगा संबळाचे बोल तोंडपाठ करून थांबत नाही, ते हातांत उतरेपर्यंत वाजवतो. प्रोग्रामिंगचेही तसेच आहे. ज्यांच्याकडे स्वतःचा संगणक नाही त्यांनी वहीवर प्रोग्राम लिहून, प्रत्येक ओळीनंतर चलांची मूल्ये काय होतील याचा तक्ता हाताने भरावा आणि प्रयोगशाळेच्या तासात तो पडताळून पाहावा. हा मार्ग नाइलाजाचा वाटला तरी अंदाज बांधण्याची सवय त्याने उत्तम लागते. पायथनसाठी अँड्रॉइड मोबाइलवर पायड्रॉइडसारखी साधने आहेत, ती इंटरनेट नसतानाही चालतात, आणि त्यामुळे पहिल्या काही प्रकरणांपुरता तरी संगणकाचा अभाव अडसर ठरत नाही. पुस्तकातले प्रोग्राम छोटे असतील तर हे शक्य होते. दोन-दोन पानांचे प्रोग्राम देणारे पुस्तक मोबाइलवर शिकणाऱ्याच्या कामाचे नाही. एरिक मॅथिस यांचे ‘पायथन क्रॅश कोर्स’, ज्याची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, पहिल्या भागात या दृष्टीने सोयीचे आहे, कारण नवी कल्पना आली की चार-सहा ओळींचा प्रोग्राम आणि लगेच वाचकाने करायचे छोटे काम अशी त्याची चाल आहे. ॲल स्वाइगार्ट यांचे ‘ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन’ आणि ॲलन डाउनी यांचे ‘थिंक पायथन’ ही दोन्ही पुस्तके लेखकांनीच इंटरनेटवर विनामूल्य वाचायला ठेवलेली आहेत. पहिले फायलींची नावे बदलणे, तक्त्यांतून माहिती काढणे अशा कार्यालयीन कामांकडे नेते, दुसरे संगणकशास्त्राच्या विचारपद्धतीकडे; ग्रामपंचायतीत किंवा पतसंस्थेत काम करणाऱ्याने पहिले घ्यावे आणि पुढे पदवीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने दुसरे.

भाषेच्या माध्यमाचा प्रश्न शेवटी येतो, पण तो सर्वांत अवघड आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला प्रोग्रामिंगमधले मोजके इंग्रजी शब्द अडवत नाहीत. सीच्या मूळ प्रमाणकात राखीव शब्द अवघे ३२ आहेत आणि ते आठवडाभरात ओळखीचे होतात. अडचण असते ती त्या शब्दांभोवतीच्या स्पष्टीकरणाची. पॉइंटर म्हणजे दुसऱ्या चलाचा स्मृतीतला पत्ता साठवणारा चल, हे वाक्य मराठीत एकदा वाचले की डोक्यात बसते, आणि तेच इंग्रजीत तीन उपवाक्यांतून आले की विद्यार्थी ते पाठ करतो. कानेटकरांनी केवळ पॉइंटरवर वेगळे पुस्तक लिहिले, यावरून ही कल्पना किती जणांना अडते याची कल्पना यावी. म्हणून पुस्तक पसंत करताना लूप किंवा फंक्शन समजावणारी दोन पाने वाचून ती शेजारच्या मित्राला मराठीत सांगून पाहावीत. सांगता आली तर पुस्तकाची भाषा आपल्याला पेलते, सांगता आली नाही तर पुस्तक कितीही नावाजलेले असो, ते सध्या बाजूला ठेवावे.

मराठीतून मिळणारी मदत आता पूर्वीपेक्षा अधिक आहे, तरी ती विखुरलेली आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन यांवरच्या छोट्या ध्वनिचित्रफिती मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत; पडद्याच्या एका बाजूला फीत आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचा प्रोग्राम ठेवून, ऐकता ऐकता करत जायचे अशी त्यांची रचना आहे, आणि इंग्रजी पुस्तकातले एखादे प्रकरण अडले तर त्या विषयाची फीत आधी पाहून मग प्रकरणाकडे परत येणे फार उपयोगी पडते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याला चालना दिली आणि पाठ्यपुस्तकांची मराठी भाषांतरे ई-कुंभ या संकेतस्थळावर ठेवली. भाषांतरे होत आहेत हे स्वागतार्ह आहे, पण प्रोग्रामिंगच्या पहिल्या पुस्तकासाठी भाषांतर हा दुय्यम मार्ग आहे, कारण उदाहरणे परक्या जगातली राहतात आणि पारिभाषिक शब्दांचा भार इंग्रजीपेक्षाही जड होतो. सोलापुरात वाढलेल्या अच्युत गोडबोले यांनी संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचे पाठ्यपुस्तक इंग्रजीत लिहिले आणि विज्ञान, अर्थशास्त्र, मानसशास्त्र यांवर मराठीत विपुल लेखन करून अवघड विषय मराठी वाचकापर्यंत पोहोचतो हे दाखवून दिले. तांत्रिक ज्ञान आणि मराठी गद्यावरची पकड एकाच माणसात असू शकते याचा हा पुरावा आहे; मात्र प्रत्येक प्रकरणाशेवटी अंदाज बांधायला, चूक शोधायला आणि लिहायला लावणारे, जीसीसीवर किंवा पायथनच्या चालू पिढीवर तपासलेले, सरळव्याजाबरोबरच सोयाबीनच्या एकरी उताऱ्याचा, बचत गटाच्या हप्त्यांचा आणि दूध संकलनातल्या फॅटप्रमाणे ठरणाऱ्या दराचा हिशेब करणारे मराठी पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती सहज पडावे अशी स्थिती अजून आलेली नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे अध्यापक दरवर्षी जी प्रात्यक्षिकांची पुस्तिका तयार करतात तिच्यातूनच असे पुस्तक आकार घेऊ शकते, आणि ते होईपर्यंत विद्यार्थ्याने एक शिकवणारे इंग्रजी पुस्तक, मराठी ध्वनिचित्रफिती आणि परीक्षेपुरते अभ्यासक्रमाचे पुस्तक अशी जोड लावून काम चालवावे. पहिले पुस्तक निम्मे झाले नसताना दुसरे विकत घेऊ नये. ते सरावासह पूर्ण झाले की मग सीसाठी कर्निघन आणि रिची यांच्याकडे वळावे आणि पायथनसाठी त्या भाषेच्या अधिकृत माहितीपुस्तिकेकडे, जी विनामूल्य आहे आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर सुधारली जाते.